फुकटच्या एआयनं केलेलं रसवंतीचं गाणं

भाच्यानं लातूरला अंबाजोगाई रोडवर रसवंती टाकली. म्हणला, "मामा, रिक्षावर लावायला एखादं गाणं करून द्या की." एआयचं एक फुकटवालं ॲप घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि चहा गार व्हायच्या आत दोन चाली हातात! चालीला नावं ठेवायला जागा नाही.

पण उच्चार? 'उसाची चव' म्हणताना ॲपमधल्या गाणाऱ्या बाईनं चहातला 'च' लावला. शेवटी 'त्सव' असं लिहून दिलं, तेव्हा कुठं नीट गायली. 'गुळा'चा मात्र 'गुला'च राहिला, ८ वेळा करून बघितलं. हलगी मागितली तर वरातीतला ढोल आला, संबळ मागितला तर तबला. तुळजापूरचा गोंधळ ऐकलेल्या माणसानं हे कसं गोड मानून घ्यावं?

तेवढ्यात दिवसाचा कोटा संपला. मग बसून नियम वाचले (आधीच वाचायला पाहिजे होते). फुकटातलं गाणं धंद्याला वापरायचं नाही, त्यासाठी महिन्याला पैसे भरा. म्हणजे रिक्षावर लावायचं राहिलंच.

पोरासोरांच्या गमतीला लई भारी, म्हणून ५ पैकी ३ तारे. भाच्यानं चरकाला आणखी दोन घुंगरं बांधलीत.