टीसीसीएची गोळी की हायपोचा कॅन? पूलचं कोटेशन पास करण्याआधी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पूलच्या केमिकलचं कोटेशन आलं की कमिटीत दोन तट पडतात. एक म्हणतो, टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अॅसिडच्या, क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या आणा, फ्लोटरमध्ये म्हणजे तरंगत्या डब्यात टाकल्या की दोन-तीन दिवस बघायला नको. दुसरा म्हणतो, लिक्विड हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, स्वस्त पडतो. दोघंही क्लोरीनच्या भावावरून भांडतात. गोळीबरोबर पाण्यात आणखी काय जातंय, हे कुणी विचारत नाही. जातं ते स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अॅसिड. तुमच्याकडे यंदा हाच वाद असेल तर भावाकडे नंतर वळा.

स्टॅबिलायझर हा काही शत्रू नव्हे. उघड्यावरच्या पूलमध्ये तो नसेल तर भर दुपारच्या उन्हात निम्मा क्लोरीन तासाभरात उडतो. स्टॅबिलायझर त्याला धरून ठेवतो. पण प्रमाण वाढलं की इतकं घट्ट धरतो की क्लोरीन पाण्यात असूनही जंतू मारायला मोकळा राहत नाही. ३० ते ५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ठीक, १०० च्या पुढे जाऊच नये. पाण्यातला फ्री क्लोरीन साधारण स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के ठेवावा लागतो, म्हणजे ४० ला ३ पीपीएम आणि १२० ला ९. नऊ रोज कोण ठेवणार?

शिवाय हा पदार्थ उन्हाने उडत नाही आणि क्लोरीनसारखा रोज खर्चही होत नाही. पाणी बाहेर गेलं तरच त्याच्याबरोबर जातो. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुताना, थोडा जातो, तेवढंच.

आता गोळीचा हिशेब. लाख लिटरचा पूल धरा. २०० ग्रॅमची एक गोळी विरघळली की क्लोरीन १.८ पीपीएमने वाढतो आणि स्टॅबिलायझर १.१ ने. क्लोरीन संध्याकाळपर्यंत संपतो, १.१ तसाच राहतो. रोज एक गोळी, तर महिन्याला ३३. दिवाळीनंतर कोऱ्या पाण्याने सुरुवात केली तरी मुलांच्या सुट्टीच्या आधीच शंभरी पार. गोळी आम्लधर्मी असल्यामुळे पीएचही खाली ओढते. तलावांमधून येणारं महापालिकेचं पाणी तसं मृदू, ते पीएच फार सावरून धरत नाही. पीएच वर आणणारा सोडा अॅश टाकायला विसरलात तर टाइल्सच्या फटींतलं ग्राउट खरवडल्यासारखं दिसू लागतं.

हायपोत स्टॅबिलायझर शून्य. १० टक्क्यांचा एक लिटर लाख लिटरला १ पीपीएम क्लोरीन देतो, हिशेब तोंडी करता येतो. पण त्रास आहेतच. मुंबईच्या उकाड्यात त्याची ताकद कॅनमध्येच उतरते, म्हणून दहा-पंधरा दिवसांपुरताच आणायचा आणि सावलीत ठेवायचा. पीएच वर जातो, मग अॅसिड. ऑपरेटरचे कपडे पांढरे पडतात. आणि ५० लिटरचा निळा कॅन पॅसेंजर लिफ्टने पोडियमवर नेला की ग्रुपवर जो गदारोळ होतो, तो वेगळाच.

ब्लीचिंग पावडरीतही स्टॅबिलायझर नसतो, पण चुन्याचा गाळ बसतो. बोअरचं पाणी असेल तर तिच्या नादी लागू नका. मिठावर चालणारं क्लोरीनेटर चांगलं, पण तो निर्णय एजीएमचा. आणि एक गोष्ट कुठल्याही बाजूने मत दिलंत तरी पाळाच: टीसीसीए आणि हायपो किंवा ब्लीचिंग एका बादलीत, एका फीडरमध्ये, एका मापात कधीही एकत्र आणू नका. विषारी वायू निघतो, स्फोटही होतो.

माझं मत हायपोकडे आहे, पण सरसकट नाही. पूलवर ऊन किती पडतं ते आधी मोजा. आमचा पूल दोन विंगच्या मधे आहे, ऊन जेमतेम ११ ते अडीच. आम्हाला ३० पुरतं. तेवढं होईपर्यंत महिनाभर गोळ्या आणि मग हायपो. गच्चीवरच्या पूलला ५० पर्यंत जाऊ द्या. पूल छताखाली असेल तर गोळी दारातही आणू नका. तिथे ऊनच नाही, मग स्टॅबिलायझर कशाला?

हे शहाणपण गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आलं. पाणी हिरवट, आणि कॉन्ट्रॅक्टरचा माणूस टेस्ट किटमधला गडद पिवळा रंग दाखवून सांगतोय, ‘क्लोरीन फुल्ल आहे, साहेब.’ खोटं बोलत नव्हता. मी स्टॅबिलायझरचं किट मागवलं. पूलचं पाणी आणि रीएजंट मिसळलं की दुधासारखा गढूळपणा येतो, तो नळीत हळूहळू ओतायचा आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. आमचा ठिपका ओतायला घेतला न घेतला तोच गायब. हे किट १०० च्या वर वाचत नाही, म्हणून निम्मं नळाचं पाणी घालून पुन्हा केलं आणि आलेला आकडा दुप्पट केला: १२०.

१२० चे ४० करायला दोन तृतीयांश पाणी बदलावं लागतं, म्हणजे लाख लिटरला दहा हजारी सात टँकर. भर उन्हाळ्यात, तेही पोहण्यासाठी! आम्ही चार घेतले, आकडा ७२ वर आला, सुट्टी निभावली. उरलेलं पावसावर सोडलं. मुंबईत चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आमचा पूल सरासरी १.२ मीटर खोल. मात्र नुसतं वरून वाहू दिलं तर पावसाचं ताजं पाणीच आधी निघून जातं. म्हणून जूनपासून मोठ्या पावसाचा अंदाज आला की आदल्या दिवशी पंपाने फूटभर पाणी उतरवायचं, मग पाऊस भरून काढतो. पूल जमिनीत असेल तर जास्त उतरवू नका, रिकाम्या टाकीला खालून भूजलाचा दाब सोसत नाही.

नोंदवहीत ३१ मेला ७२ आहे, ३० सप्टेंबरला २५. टँकर एकही नाही.