सूत्रात खान्याचा (सेलचा) पत्ता लिहावा की नाव?

लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याची हिशोबपट्टी एक्सेलमध्ये काढणाऱ्यांकडे असं सूत्र हमखास सापडतं: =बी२*सी२-बी२*$एच$१. बी म्हणजे क्विंटलमधलं वजन, सी म्हणजे भाव, पण एच१ काय? हमाली की तोलाई? ज्यानं लिहिलं त्याला ठाऊक असतं, तो रजेवर गेला की बाकीचे शोधत बसतात. तिथेच =बी२*सी२-बी२*हमाली असेल तर कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून माझं मत असं: एकाच खान्यात असणाऱ्या आणि सगळीकडे लागणाऱ्या दराला नाव द्याच. खाना निवडा, सूत्रपट्टीच्या डावीकडच्या चौकटीत नाव लिहा, एंटर दाबा. गूगल शीट्समध्ये हीच सोय डेटा मेनूत आहे. पत्ता वापरताना डॉलरचं चिन्ह राहून गेलं, तर सूत्र खाली ओढताच एच१ चा एच२ होतो. तो खाना रिकामा असला तर हमाली शून्य धरली जाते आणि एक्सेल चूकही दाखवत नाही. शेतकऱ्याच्या हातात जाणारा आकडा असा चुकणं परवडत नाही. नाव मात्र जागचं हलत नाही.

वजन आणि भाव ओळीगणिक बदलतात, तिथे पत्ताच बरा.

वाढत्या यादीत नाव फसवतं. बी२:बी५०० ला ‘वजन’ नाव दिलं आणि ५०१व्या ओळीत नवी ट्रॉली नोंदवली, तर ती बेरजेत येत नाही. मधे ओळ घातली तर पट्टा वाढतो, शेवटाखाली लिहिलं तर नाही. एक्सेलमध्ये अशा यादीचं कंट्रोल-टी दाबून टेबल करा. गूगल शीट्समध्ये बी२:बी असं टोक उघडं ठेवलं तरी भागतं.

नावं रोमन लिपीत ठेवा (इथे सूत्रं आणि नावं फक्त वाचायला सोपी म्हणून देवनागरीत दिली आहेत) आणि मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोर वापरा. जीएसटी१८ हे नाव एक्सेल घेत नाही, कारण त्याच्या लेखी तो जीएसटी स्तंभातला १८वा खाना. जीएसटी_दर चालतं.

दर महिन्याला त्याच फाइलीत शीटची प्रत काढत असाल तर जपा. दर त्याच शीटवर असले की प्रतीबरोबर ‘हमाली’चीही दुसरी, त्या शीटपुरती आवृत्ती तयार होते. मग जुन्या शीटवर दर बदलला तरी नवी शीट ढिम्म. दर वेगळ्या शीटवर ठेवा, आणि प्रत काढल्यावर कंट्रोल-एफ३ दाबून नावांची यादी एकदा बघा.