पेटीच्या तळाचा कानडी पेपर

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या गेटबाहेर टेम्पो लागला. 'देवगड हापूस, थेट बागेतून'. विक्रेत्याने एक आंबा कापून फोड हातावर ठेवली. साल पातळ, गर केशरी, वास तर जिन्यापर्यंत. मी म्हटलं, आमचं आजोळ देवगडजवळच्या जामसंड्याचं. तो लगेच, "अरे, मी पण जामसंड्याचोच!"

पुढचं सगळं मीच बोललो. वाडी मी सांगितली, दिर्बादेवीची जत्रा मी काढली, तो नुसता "होय, होय" करत होता. साडेचार हजारांची चार डझनांची पेटी "भाच्याला" ३,६०० ला दिली. वर चढताना मला वाटत होतं, बिचाऱ्याला जरा जास्तच पाडलं.

वरचा थर अस्सल होता. खालचे तीन थर बाहेरून एकसारखे पिवळेधमक, आत पांढरट, आंबट, कोयीजवळ कडक. वास नाहीच. साल जाड. तळाशी पेंढ्याखाली अंथरलेला पेपर कानडी होता. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो हो, पण तो त्याच्या भावात घ्यावा. आणि हा बहुधा कार्बाइडने पिकवलेला, ज्यावर बंदी आहे.

हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच. म्हणजे नोंदणी केलेल्या बागायतदाराचं नाव मागता येतं, पक्की पावती मागता येते. पेटी तिथेच उपसून तळाचा आंबा कापायला सांगता येतो. यातलं मी काहीही केलं नाही. गाववाल्याला पावती कशी मागायची!

खरी लाज पुढे आहे. वरच्या थरातले सहा आंबे मी ऑफिसात नेले आणि "आमच्याकडचे" म्हणून वाटले. सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं म्हणून दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. कोकणातला माणूस आंब्यात फसला, हे कोण लिहिणार? बायकोलाही "यंदा पाऊस लांबला ना, म्हणून" असं काहीतरी सांगितलं.

चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचे काका भेटले. पायाशी तशीच पेटी.

"तुम्ही घेतलीत म्हणून घेतली," ते म्हणाले. "तुम्हाला आंब्यातलं कळतं."