वसईतलं उपवासकाळाचं रिट्रीट: चार स्टार, पाचवा का कापला ते वाचा

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार करायची आहे आणि तिथली निम्मी माणसं मला बाजारात भेटतात. वसईकर ओळखतीलच.

२०२५ च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, बायकोने या रिट्रीटला, म्हणजे दोन दिवसांच्या प्रार्थना-प्रवचनांना, दोघांचंही नाव घातलं. मी वाडीवाला माणूस, केळी आणि नारळ सोडून शनिवार-रविवार बसून प्रवचनं ऐकायची म्हणजे जिवावर आलं होतं. पण पहिल्या दिवसाच्या फादरांनी जिंकलं. विषय बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातलं अंजिराचं झाड. त्या वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हेच वाचन होतं, म्हणून निवडलं असावं.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, जागा कशाला अडवतंय. माळी म्हणतो, यंदाचं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. बहुतेक प्रवचनकार मालकाच्या कुऱ्हाडीवरच अर्धा तास घालवतात. हे फादर खतावर थांबले. म्हणाले, देव धीर धरतो म्हणजे हात बांधून वाट बघतो असं समजू नका, तो धीर धरून आळं खणतो. मग समोरच विचारलं, इथे वाडीवाले किती? झाडाभोवती खणताना काय होतं? मागून एक म्हातारा ओरडला, "मुळं तुटतात!" अगदी बरोबर. कुदळ कितीही जपून मारा, वरची बारीक मुळं तुटतातच, पण मग नवी फुटतात आणि खत तीच ओढून घेतात. फादर म्हणाले, पश्चात्ताप दुखतो तो इथे. मला इतकी वर्षं हा दाखला येत होता, पण माळ्याच्या बाजूने कोणी सांगितला नव्हता. शिवाय पुढे झाडाला फळ आलं की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही, तेही त्यांनी तसंच ठेवलं. ओढूनताणून शेवट गोड केला नाही.

संध्याकाळी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. आपल्या चर्चमध्ये पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आधी जी धावपळ असते, ती इथे नव्हती. दोन फादर, व्हरांड्याच्या दोन टोकांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. माझ्या पुढचा गृहस्थ स्वतःच मोठ्याने म्हणाला, "लग्नानंतर आजच येतोय," आणि त्याचा मुलगा तर शेजारीच उभा होता, चांगला मिशावाला! तो फादरांपाशी बराच वेळ होता. रांगेत एकानेही घड्याळ दाखवलं नाही. जेवणाची वेळ टळून गेली तरी सिस्टरने भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं नाही.

आता कापलेला स्टार. दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेले वक्ते. माईक फुल, आणि वर किंचाळणं. त्यांनी त्याच अध्यायाची सुरुवात वाचली, शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली ती. तिथे येशू सरळ विचारतो, ती माणसं यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? नाही, म्हणतो, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. एवढं वाचून झाल्यावर या महाशयांनी पुढचा तासभर कोणाचा अपघात कुठल्या पापामुळे झाला, कोणाला कॅन्सर का झाला, हेच सांगितलं. पुस्तक हातात उघडं होतं! समोर एक बाई बसली होती, तिचा नवरा हल्लीच गेला. ती उठून बाहेर गेली, बायको तिच्या मागे गेली. बायबलमधल्या योना या संदेष्ट्याचाही विषय काढला, पण निनवे शहरातले लोक पश्चात्ताप करून वाचले म्हणून रुसलेला योना आणि गुराढोरांचीही कीव करणारा देव, हा चौथा अध्याय गाळला. आयोजकांना तिथेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

बाकी सोय ठीक. दोन्ही दिवस शाकाहारी, आमटी उत्तम, मासळीवाचून जीव जात नाही. पंखे आहेत, मच्छरदाण्या नाहीत, चादर घरून न्या. गुडघेदुखी असेल तर खालची खोली आधी मागून ठेवा, जिने उभे आहेत. फी ठरलेली नाही, पाकिटात जमेल ते. नाव नोंदवताना कोण बोलणार आहे ते मात्र ऑफिसात विचारा, सांगतात.