‘पंचवीस पक्ष्यांचं’ तयार लोखंडी खुराडं: सांगाडा घ्या, जाळी बदला

फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढे हिरव्या-निळ्या पत्र्याची खुराडी उभी असतात. त्यावर कंपनीचं नाव नसतं, पण माप बहुतेक तेच: ६ फूट लांब, ४ फूट रुंद, फूटभर उंच पाय, तळाला एक इंची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी भोकांची जाळी), खाली विष्ठेचा ट्रे, बाजूला अंड्यांचे चार कप्पे. हे परीक्षण त्याच मापाचं आहे, आणि गावरान कोंबड्या, गिरिराज किंवा वनराज (सुधारित, वजनदार जाती) आणि चार-पाच बदकं अशा मिश्र कळपासाठी आहे. नुसत्या गावरान असतील तर निम्म्या तक्रारी वजा करा.

आधी पक्ष्यांचा आकडा. दुकानदार पंचवीस सांगतो, कधी तीसही. खुराड्याची जमीन २४ चौरस फूट. रात्रीच्या मुक्कामाला मोठ्या पक्ष्यामागे दीड चौरस फूट धरलं तर १६ होतात. बसायच्या दांडीचा हिशेबही तिथेच येतो: ६ फुटांची दांडी म्हणजे ७२ इंच, पक्ष्याला ९ इंच, म्हणजे दांडीवर आठ, दोन दांड्यांवर सोळा. पंचवीस कोंबल्या तर पहिल्या रात्री काही बिघडत नाही. पावसाळ्यात पडदे लागले की अमोनिया साठतो, डोळ्यांना पाणी येतं, शेपटीची पिसं ओढली जातात, आणि मग दुकानदार म्हणतो, ‘जातच भांडकुदळ आहे.’

दांड्या म्हणून यात अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप मिळतो, तोही एक वर, एक खाली. तो काढून टाका. दोन इंच रुंद लाकडी पट्टी, कडा रंध्याने गोल केलेल्या, पसरट बाजू वर. पहिली मागच्या जाळीपासून फूटभर, दुसरी तिच्यापुढे दीड फुटावर, दोन्ही एकाच उंचीवर. उंची वेगळी ठेवली की रोज संध्याकाळी वरच्या दांडीसाठी मारामारी ठरलेली. गिरिराजसारख्या वजनदार पक्ष्यांसाठी दांडी दीड फुटापेक्षा उंच नको; वरून उड्या मारून तळपायाला गाठ येते आणि पक्षी लंगडतो.

तळाची जाळी दांड्यांखाली ठीक आहे, विष्ठा सरळ ट्रेमध्ये पडते. पण दांड्यांपुढच्या मोकळ्या भागात जड कोंबडीच्या पायांना ती काचते. तिथे सिमेंट शीट टाकून वर तीन इंच भाताचं तूस पसरावं आणि ते दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावं. तूस मुठीत दाबल्यावर गोळा झालं तर ते ओलं आहे. अशा उबदार ओलीत रक्ती हगवणीचे जंतू दोन दिवसांत संसर्गाला तयार होतात.

आता ज्यासाठी खुराडं घेतात ते संरक्षण. इथे हे खुराडं सगळ्यात कमी पडतं. बाजूंना स्वस्तात षटकोनी चिकन जाळी मारलेली असते. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातात धरून ओढली की विणच उसवते. खालून दीड फुटापर्यंत अर्ध्या इंची वेल्डमेश हवी, वर एक इंची चालेल. मोठ्या भोकातून मांजर किंवा उदमांजर पंजा घालतं आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीची मान ओढतं. सकाळी जाळी शाबूत आणि कोंबडीचं डोकं गायब, तर समजा हेच झालंय. पिल्लं असतील तर अर्ध्या इंचीला पर्याय नाही. साप आणि उंदीर दोघेही एक इंचातून येतात.

दार हा दुसरा कच्चा दुवा. चौकटीला तिरकी पट्टी नसल्याने काही महिन्यांत दार झोल खातं आणि खालच्या कोपऱ्यात दोन बोटांची फट पडते. मुंगसाला तेवढी पुरे. दुकानातच तिरकी पट्टी मारून घ्या आणि एका कडीऐवजी वर-खाली दोन कडी-कोयंडे. मात्र मुंगूस दिवसा फिरतं. रात्री बंद होणारं खुराडं त्याला अडवत नाही. त्यासाठी पुढे जाळीचं अंगण लागतं, पिल्लं असतील तर घारी-शिक्र्यासाठी वरूनही झाकलेलं. जांभ्यात किंवा मुरमात जाळी पुरायला चर खणण्यापेक्षा फूटभर जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून दगड ठेवा. प्राणी कुंपणाच्या बुडाशीच उकरतो आणि जाळीवर अडतो.

बदकांचा विचार बनवणाऱ्याने केलेलाच नाही. बदकं दांडीवर बसत नाहीत. कोंबड्यांखाली झोपली तर रात्रभर अंगावर विष्ठा. ऑर्डर देतानाच पाय दोन फुटांचे सांगा, ट्रे पूर्ण रुंदीचा घ्या, आणि खालचा भाग अर्ध्या इंची जाळीने बंद करून बदकांना द्या. सोबत दिलेले निपल (चोचीने टोचलं की पाणी सोडणारी तोटी) बदकांना निरुपयोगी: त्यांना नाकपुड्या बुडतील इतकं खोल भांडं लागतं. ते भांडं बाहेरच ठेवा, रात्री पाणी आणि खाद्य दोन्ही काढा. बदकं पहाटे अंडी देतात, म्हणून नऊपर्यंत सोडू नका, नाहीतर अंडी ओढ्याकाठी शोधा. बुरशी लागलेला मका कोंबडी एखाद्या वेळी पचवेल, बदक दगावतं.

अंड्यांचे कप्पे संख्येने पुरेसे (चार-पाच कोंबड्यांमागे एक), पण दहा इंचांचे. तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, चालतात; गिरिराजला १४ इंच हवेत.

जमेची बाजूही आहे. लाकडी खुराड्याच्या फटींत गोचीड घर करतात. इथे सांधे ब्लोटॉर्चने भाजून काढता येतात. पाय जळक्या ऑइलच्या डब्यांत ठेवले की लाल मुंग्या पिल्लांपर्यंत चढत नाहीत. सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा असेल तर मजबूत आहे. जाळी मात्र तारा जोडल्यावर जस्त चढवलेली आहे का ते बघा. आधी जस्त चढवून मग जोडलेल्या जाळीचे सांधे विष्ठेने आधी गंजतात.

पत्रा उघडा असतो. मे महिन्यात वर चार इंच मोकळी जागा सोडून पेंढा किंवा झावळ्या घाला. कोकणात पत्र्याची सहा इंचांची पागोळी पुरत नाही, दीड फूट मागा. प्लास्टिकचा पडदा वरून सहा इंच उघडाच ठेवा.

काही ठिकाणी खुराड्यावर दहा पिल्लं ‘फुकट’ मिळतात. मॅरेक्सची (कोंबड्यांना लुळं करणाऱ्या रोगाची) लस पहिल्या दिवशी हॅचरीत दिली होती का आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस कधी दिली, एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत असेल तर पिल्लं तिथेच ठेवा. घेतलीच तर जुन्या कळपापासून तीन आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांत, आणि त्यांचं काम रोज सगळ्यात शेवटी. टर्की देऊ केली तर नाहीच म्हणा: कोंबडीच्या जंतांतून तिला काळ्या डोक्याचा रोग होतो.