थ्री स्टार की फाइव्ह स्टार? एसी घेण्याआधीचा हिशेब

माझी धाकटी बहीण घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहायला गेली. बेडरूम पश्चिमेची. दुपारी तापलेली भिंत रात्री अकरा वाजले तरी निवत नाही. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घ्यायचं ठरलं, आणि थ्री स्टार की फाइव्ह स्टार यावर घोडं अडलं. दुकानात दोन्हींत नऊ हजारांचा फरक होता.

मी तिला म्हटलं, तारे मागाहून मोज, आधी लेबलवरचे युनिट वाच. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलवर वर्षाला किती वीज लागेल ते छापलेलं असतं. फक्त ते वर्ष १६०० तासांचं धरलेलं असतं. तिने पाहिलेल्या थ्री स्टारवर ९८० युनिट होते, फाइव्ह स्टारवर ७६०. म्हणजे फरक २२० युनिटचा, पण एसी १६०० तास चालला तर.

तिच्याकडे एसी चालणार मार्च ते जून, रात्रीचे आठ तास. हे झाले साधारण ९६० तास, म्हणून बचत १३२ युनिट. महावितरणचं बिल टप्प्यांचं असतं: १००, ३००, ५०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर वाढतो. वाचलेले युनिट वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात, म्हणून मी युनिटला १२ रुपये धरले. वर्षाला सुमारे १,६०० रुपये वाचतील. नऊ हजार भरून निघायला साडेपाच वर्षांहून जास्त.

खारघरच्या माझ्या भावाचं गणित वेगळं. तो घरूनच काम करतो, उन्हाळ्यात दिवसाही एसी चालू असतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही. त्याचे १६०० तास सहज भरतात. त्याचे जास्तीचे पैसे साडेतीन वर्षांत सुटतात. त्याने फाइव्ह स्टारच घ्यावा, यात मला शंका नाही. भाड्याच्या घरात असाल आणि दोन वर्षांत हलणार असाल, तर थ्री स्टार.

बहिणीला मात्र मी तिसरीच वाट दाखवली. तिच्याकडे तीन जुने पंखे होते, प्रत्येकी ७५ वॉटचे. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा पूर्ण वेगात तीसेक वॉट घेतो. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला जवळजवळ २०० युनिट वाचतात, कारण आपल्याकडे पंखा थंडीतही बंद होत नाही. हे सगळे युनिट महाग टप्प्यातले नसतात, हे खरं. तरी तिन्ही पंख्यांचे मिळून सहाशेच्या घरात जातात, एसीच्या १३२ समोर. तिने थ्री स्टार एसी घेतला आणि उरलेल्या नऊ हजारांत तीन पंखे बसवले. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकाचा पडदा लावला. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग होत नाही.

दुकानात आणखी एक गोष्ट नक्की पाहा: लेबलचा काळ. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात. आयसीर म्हणजे एसी खाल्लेल्या विजेच्या मानाने किती गारवा देतो ते सांगणारा लेबलवरचा आकडा; जास्त तितका चांगला. आयसीर ४.६ असलेला स्प्लिट एसी २०२१ साली फाइव्ह स्टार होता, जुलै २०२२ पासून तोच फोर स्टार झाला. सेलमध्ये जुना माल स्वस्त मिळत असेल, तर ताऱ्यांऐवजी आयसीरचा आकडा शेजारच्या नव्या एसीशी ताडून पाहा.