सॅक पॅनिकचा पॅच: काही महिने चालवून झाल्यावर

१७ जून २०१९ ला सॅक पॅनिक, म्हणजे लिनक्स कर्नलच्या टीसीपी या नेटवर्कच्या भागातला दूरवरून मशीन बसवू शकणारा दोष, जाहीर झाला तेव्हा बाकीच्यांनी केलं तेच आम्हीही केलं. आधी सिसकंट्रोल या कर्नलची सेटिंगं बदलणाऱ्या कमांडने सॅक बंद, रात्री कर्नल अपडेट, रीबूट. बातम्या तिथेच संपल्या. मी लिहितोय ते पुढच्या काही महिन्यांबद्दल, कारण या दुरुस्तीचा एक भाग फार सुरेख आहे आणि दुसरा पहिल्या फेरीत कच्चा निघाला.

मूळ दोष थोडक्यात सांगतो. 'मधली अमुक पॅकेटं मिळाली, राहिलेलीच पाठव' असं समोरचं मशीन कळवतं, ते सॅक. लिनक्स अशी पोचल्याची खूण झालेली शेजारशेजारची एसकेबी (पॅकेटांचा डेटा ठेवायचे कर्नलमधले डबे) एकात सरकवून टाकतो. एका एसकेबीत १७ फ्रॅगमेंट (मेमरीचे कप्पे), एक्स८६ वर प्रत्येकी ३२ केबीपर्यंत. हल्लेखोराने एमएसएस, म्हणजे एका सेगमेंटची (टीसीपीच्या एका पॅकेटाची) कमाल मर्यादा, ४८ मागितला की ४० बाइट टीसीपी ऑप्शन खाऊ शकतात, डेटाला उरतात फक्त ८. आता १७ गुणिले ३२ केबी भागिले ८ करून बघा. ६९,६३२ येतात. सेगमेंट मोजणारा आकडा मात्र १६ बिटांचा, ६५,५३५ ला संपणारा. तो उलटून पुन्हा लहान होतो, मग पुढची बग-ऑन ही कर्नलची स्वतःची तपासणी पेटते आणि अख्खं मशीन बसतं. लॉगिन नको, पासवर्ड नको. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांना हे सापडलं, आणि कर्नल २.६.२९ पासून, म्हणजे २००९ पासून, ते तिथेच होतं.

यावरचा एरिक ड्युमाझे यांचा पॅच ज्याला सी वाचता येतं त्याने एकदा वाचावाच. सरकवण्याआधी दोन प्रश्न: एकत्र लांबी ६५,५३५ गुणिले ८ च्या खाली राहते ना, आणि सेगमेंट ६५,५३५ च्या वर जात नाहीत ना? जात असतील तर सरकवायचं नाही, बस. आकडा ३२ बिटांचा करून टाकावा असं कुणालाही आधी सुचेल, पण ती माहिती एसकेबीमधल्या ४८ बाइटांच्या जागेत कोंबून बसवलेली असते आणि हाच पॅच ४.४ सारख्या जुन्या शाखांतही न्यायचा होता. या भागाने आम्हाला कधीच त्रास दिला नाही. उलट सॅक बंद ठेवलेल्या काळातच लांबच्या लिंकवर मोठ्या फाइली रडत होत्या. तात्पुरता उपाय कायमचा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कच्चा भाग जोडीच्या दुसऱ्या दोषाचा, सीव्हीई-२०१९-११४७८ चा (सीव्हीई म्हणजे सुरक्षादोषाचा नोंदणी क्रमांक). हल्लेखोर रीट्रान्समिटच्या, म्हणजे पुन्हा पाठवावा लागेल म्हणून राखलेल्या डेटाच्या, रांगेचे बारीक बारीक तुकडे करायला लावून मेमरी आणि सीपीयू खात असे. त्यावर टीसीपी-फ्रॅगमेंट या फंक्शनमध्ये मर्यादा घातली: रांगेतली मेमरी सेंड बफरच्या (पाठवायच्या डेटासाठी ठरवलेल्या जागेच्या) दुपटीपलीकडे गेली की तुकडा करायला नकार. कागदावर अगदी रास्त.

आमच्याकडे गाड्यांच्या ट्रॅकिंगचा एक तयार सर्व्हर आहे (व्हेंडरचं नाव राहू दे). त्याने सेंड बफर मुद्दाम काही केबींचा ठेवलेला. पण डेटा घेताना कर्नल ही मर्यादा पूर्ण भरलेल्या एसकेबीच्या सीमेवरच तपासतो, त्यामुळे रांग जवळपास ६४ केबीने पुढे जाऊ शकते. म्हणजे हल्ला वगैरे काही नसतानाच हे कनेक्शन मर्यादेबाहेर. गाडी घाटात शिरली, एखादं पॅकेट गळलं, पुन्हा पाठवायला एसकेबीचा तुकडा पाडावा लागला की उत्तर एकच: मेमरी नाही. कनेक्शनची स्थिती दाखवणाऱ्या एसएस कमांडमध्ये कनेक्शन एस्टॅब्लिश्ड (जोडलेलं), सेंड-क्यूचा (पोच न मिळालेल्या डेटाचा) आकडा जागचा हलत नाही, रीट्रान्समिटचा टायमर मात्र दर खेपेला दुप्पट. गाडी घाट उतरून रेंजमध्ये आली तरी तेच, शेवटी टाइमआउट. व्हेंडरचं पालुपद ठरलेलं, 'सर, तुमचं नेटवर्क बघा.' ऑफिसच्या लॅनवर एकही पॅकेट गळत नसल्याने तिथे सगळं छान, त्यामुळे ते म्हणणार तरी काय! शेवटी टेस्ट मशीनवर नेटएम या पॅकेटं मुद्दाम गाळणाऱ्या साधनाने थोडी गळती लावली आणि कर्नलचे नेटवर्क काउंटर दाखवणारी एनस्टॅट कमांड उघडून बसलो. याच पॅचबरोबर आलेला टीसीपी-डब्ल्यू-क्यू-टू-बिग हा काउंटर प्रत्येक अडकलेल्या प्रयत्नाला वर सरकत होता. पॅच लिहिणाऱ्याने नकार मुकाट्याने न देता मोजायची सोय ठेवली, याचे माझ्याकडून वेगळे गुण.

हा अनुभव आमचा एकट्याचा नव्हता. जूनमध्येच एक सुधारणा आली आणि मर्यादेत थोडी ढील मिळाली. जुलैत दुसरी: रीट्रान्समिट रांगेतला पहिला आणि शेवटचा एसकेबी मर्यादा ओलांडली तरी तोडता येईल, म्हणजे कनेक्शन पुढे तरी सरकेल. दुसरीनंतर आमचा काउंटर गप्प आहे. माझ्या मते पहिल्याच पॅचच्या परीक्षणात 'इतका छोटा बफर कोणी ठेवत असेल का' हे कुणीतरी विचारायला हवं होतं, पण जाहीर होईपर्यंत मोजक्याच लोकांना दाखवायच्या पॅचला तितके डोळे मिळतच नाहीत. घेणाऱ्याने मात्र आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नये. डिस्ट्रो (लिनक्सची तयार वितरणं) आपापल्या कर्नलमध्ये पॅच मागे नेतात, तेव्हा चेंजलॉग उघडून जूनचा मूळ पॅच, जूनची सुधारणा आणि जुलैची, असे तिन्ही आहेत का ते बघा. फक्त पहिला असेल आणि तुमचे ग्राहक मोबाइल डेटावर असतील, तर तक्रारी येणारच.

राहिला तिसरा दोष, ११४७९: फार लहान एमएसएस मागून सर्व्हरला बारीक पॅकेटं पाठवायला लावायची आणि बँडविड्थ, सीपीयू खायचा. त्यासाठी टीसीपी-मिन-एसएनडी-एमएसएस हे नवं सेटिंग आलं, पण मूळ किंमत ४८ च, म्हणजे तुम्ही हात लावेपर्यंत वागणूक जुनीच. जुनी उपकरणं तुटू नयेत म्हणून तसं केलं असणार, आणि ते मला पटतं. वेब सर्व्हरवर आम्ही ती ५०० च्या आसपास नेली, काही बिघडलं नाही. ट्रॅकिंगच्या मशीनवर मात्र आधी टीसीपीडंप हे पॅकेटं बघायचं साधन लावून येणाऱ्या सिन (कनेक्शन सुरू करणाऱ्या) पॅकेटांतले एमएसएस पाहिले. काही जुने मोडेम त्याहून कमी मागतात. तिथे सेटिंग त्यांच्या खालीच ठेवलंय, आणि त्या पोर्टवर ओळखीच्या आयपी सोडून बाकीच्यांना फायरवॉलवरच अडवलंय.